ओमरभर गोडी: साखर, शरीर आणि शेजारी

आजचं वाचन: नीतिसूत्रे २५:१६ व २७, निर्गम १६:१३-३१, १ करिंथ ६:१२-२०



नीतिसूत्रांचा क्रम चालू आहे आणि आज २५ वा अध्याय आला. यात मध दोनदा येतो. १६ व्या वचनात सांगितलंय की मध सापडला तर खा, पण सोसेल तेवढाच, नाहीतर उलटून पडेल. आणि २७ व्या वचनात पुन्हा तेच, की मध जास्त खाणं बरं नाही. गंमत म्हणजे त्याच्या जेमतेम एक अध्याय आधी (२४:१३) बाप मुलाला सांगतो, बाळा, मध खा, चांगला असतो. म्हणजे गोड खाणं पाप आहे असं बायबल कुठेच म्हणत नाही. देवाने वचनदत्त देशाचं वर्णन करताना दुधाबरोबर मधच निवडला. प्रश्न मापाचा आहे.

साखर हा शब्द मात्र बायबलमध्ये नाही. यशया आणि यिर्मयाच्या पुस्तकांत एका सुगंधी वेताचा उल्लेख आहे, पण तो धूपासाठी आणि अभिषेकाच्या तेलासाठी वापरायचा, खायचा नव्हे. ऊस ही आपल्याकडची गोष्ट. शिकंदराचा नौदल सेनापती निआर्कस इथून गेला तेव्हा त्याने लिहिलं की या देशात मधमाश्यांशिवाय मध देणारा बोरू उगवतो. जगभरातले साखरेचे शब्द आपल्या 'शर्करा'तून निघाले, आणि कँडी आपल्या 'खंड' या शब्दातून. तेव्हा पेत्र किंवा पौल यांनी आपल्यासारखी साखर कधी चाखली नसणार. त्यांना गोड म्हणजे मध, खजूर, अंजीर, द्राक्षं. त्यातलं प्रत्येक ऋतूवर अवलंबून, आणि मधाला तर डंखही.

मग पांढऱ्या साखरेबद्दल वचनातून काय शिकायचं? मला वाटतं त्याची किल्ली निर्गमाच्या १६ व्या अध्यायात आहे. रानात पडलेल्या मान्न्याची चव मध घातलेल्या पापडीसारखी होती असं ३१ वं वचन सांगतं. देवाने लोकांना गोड अन्न दिलं, पण डोई एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, आणि रोजच्या रोज. ज्यांनी उद्यासाठी साठवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. गोडी आणि माप एकाच हाताने, एकाच दिवशी दिलेली आहेत.

आता आपल्याकडे या.

हिंजवडीत काम करणाऱ्यांना हे माहीत असेल की तिथून जवळच कासारसाई-दारुंब्रेला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि आपल्या कंपनीच्या बसेस एकाच रस्त्याला लागतात. त्या ट्रॉलीतल्या उसाचं पुढे काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. ऊस चिरडून रस काढतात. तो तापवून त्यात चुना आणि गंधकाचा वायू सोडतात, म्हणजे मळ खाली बसतो. मग रस आटवतात, त्यात दाणा पाडतात, आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात दाण्यापासून मळी वेगळी करतात. उरते ती ९९ टक्क्यांहून जास्त शुद्ध सुक्रोज. चोथा, पाणी, क्षार, रंग, वास, सगळं मागे राहतं. १०० किलो उसातून साधारण १० ते ११ किलो साखर निघते.

म्हणजे २५ ग्रॅम साखर हवी तर जवळजवळ पाव किलो ऊस. तो दाताने सोलून, चावून, चोथा थुंकून खायचा म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटं जातात आणि जबडा दुखायला लागतो. जबडा दुखणं हेच त्याचं माप. अर्ध्या लिटरच्या कोलाच्या बाटलीत ५० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे अर्धा किलो ऊस. तो आपण उभ्या उभ्या दोन मिनिटांत पितो आणि पोटाला कळतही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये जो रेट लिमिट होता तो काढून टाकला आणि सर्व्हर तोच ठेवला.

त्या सर्व्हरवर काय होतं? साखरेचा एक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले. ग्लुकोज रक्तात जातं, त्याला पेशींमध्ये पोचवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो, आणि तो सतत, गरजेपेक्षा जास्त येत राहिला तर यकृत त्याची चरबी करतं. फॅटी लिव्हर हा शब्द आता आपल्या वयाच्या लोकांच्या हेल्थ चेकअपमध्ये इतका सर्रास दिसतो की कोणी घाबरतही नाही. दातांचं तर लहानपणापासून माहीत आहे, तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि दात किडतो. गोड पेय प्यायल्यावर पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून त्या कॅलरी जेवणाच्या वर चढतात, जेवणातून वजा होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. २५ ग्रॅम म्हणजे सहा छोटे चमचे. आता मोजा. सकाळचा चहा, ऑफिसच्या मशीनचा चहा, अकराचा टपरीवरचा कटिंग, चारचा चहा आणि त्यासोबत दोन क्रीम बिस्किटं. त्यात टीममध्ये कोणाचा तरी वाढदिवस असतोच. चार चहांत दीड-दीड चमचा धरला तरी सहा चमचे चहातच संपले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तरुणांमध्ये हा गैरसमज फार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या या मर्यादेत मध, पाक आणि फळांचा गाळलेला रसही मोडतो. गूळही त्याच हिशोबात धरायचा. गुळात थोडे क्षार उरतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच असते. पुण्यात आता गल्लोगल्ली गुळाच्या चहाची दुकानं झालीत आणि लोक तिथे दोन कप जास्त पितात. ब्राऊन शुगर म्हणजे तर बहुतेक वेळा पांढरीला मळीचा हलका रंग. नीतिसूत्रकर्त्याने माप सांगितलं ते मधासाठीच, हे विसरू नका. त्याच्याकडे तर सगळंच ऑरगॅनिक होतं.

उलट बाजूचा अतिरेकही नको. साखर म्हणजे पांढरं विष, गंधकाने अमुक रोग होतो, असले फॉरवर्ड मीही रोज बघतो. साखर विष नाही. आणि मधुमेह फक्त साखर खाल्ल्याने होतो असंही नाही. आनुवंशिकता आहे, पोटावरची चरबी आहे, बैठं काम, तुटलेली झोप आहे. रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळतं, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत आपला अर्धा परिसर पाळ्यांमध्ये जगतो. टाइप १ मधुमेहाचा तर साखर खाण्याशी संबंधच नाही, तो लहान मुलांनाही होतो.

हे मी मुद्दाम लिहितोय. मंडळीत कोणाला शुगर निघाली की हळूच विचारणारे असतात, 'गोड फार खात होते का हो?' योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी आंधळ्याबद्दल असाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि माणसाकडे वळला.

पण 'मी तर बारीक आहे, मला काय होतंय' हेही चालणार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटासा, पण जगभर गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी आहे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण भारतीय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर तुम्ही त्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर असेल तर आत. तिशी ओलांडली असेल आणि घरात कोणाला शुगर असेल तर ही तपासणी करून घ्या. एवढं तरी करा.

पौलाचा प्रश्न

१ करिंथ ६ हा अध्याय आपण बहुधा 'शरीर हे मंदिर आहे' एवढ्यासाठी वापरतो. जिमच्या भिंतीवरही लावतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथला मूळ विषय व्यभिचार आहे, डाएट नाही. पण १२ व्या आणि १३ व्या वचनात पौल करिंथकरांच्याच दोन घोषणा उचलतो. एक, मला सगळ्याची मोकळीक आहे. दुसरी, अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी. दुसरीवर त्याचं उत्तर असं की ही दोन्ही नाहीशी होणार आहेत. आणि पहिलीवर तो म्हणतो, मोकळीक असेल, पण सगळंच हिताचं नसतं, आणि मी कशाचाही ताबा माझ्यावर चालू देणार नाही.

साखरेला व्यसन म्हणावं की नाही यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. पौलाच्या प्रश्नाला त्या वादाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. चार वाजले आणि गोड मिळालं नाही तर मी घरच्यांशी, टीमशी कसा वागतो? डेडलाइनच्या रात्री मी प्रार्थनेकडे वळतो की फ्रीजकडे? याचं उत्तर ज्याचं त्याला माहीत असतं.

त्याच वेळी कलस्सै २:२०-२३ सुद्धा वाचा. हे शिवू नको, ते चाखू नको, अशा नियमांना शहाणपणाचा आव असतो, पण देहाच्या हावेवर त्यांचा काही उपयोग होत नाही असं पौल तिथे बजावतो. साखर सोडणं हे पवित्र होण्याचं साधन नव्हे. दानीएलाचं नाव लावून आजकाल दहा दिवसांचे, एकवीस दिवसांचे डाएट प्लॅन विकले जातात. दानीएल १ मध्ये मुद्दा राजाच्या ताटाने स्वतःला न विटाळण्याचा होता, वजन कमी करण्याचा नव्हता. उलट ती चार मुलं दहा दिवसांनी अधिक भरलेल्या अंगाची दिसली असं १५ वं वचन सांगतं! तो अध्याय दाखवून कोणी प्रोटीन पावडर विकत असेल तर हसून पुढे जा.

योनाथानाचा मध

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

१ शमुवेल १४. पलिष्ट्यांशी लढाई चालू आहे आणि शौल राजा लोकांना शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत कोणी काही खाईल तो शापित. सैन्य दिवसभर धावतंय, उपाशी, गळालेलं. रानात मध ठिबकतोय, पण भीतीने कोणी हात लावत नाही. योनाथानाने बापाची शपथ ऐकलेली नसते. तो हातातल्या काठीचं टोक पोळ्यात बुडवून थोडा मध तोंडाला लावतो आणि त्याच्या डोळ्यांत तेज येतं. कोणीतरी शपथेबद्दल सांगतं तेव्हा तो स्पष्ट म्हणतो की माझ्या बापाने लोकांना त्रासात टाकलंय.

हे वाचताना डॉक्टर असलेल्या माझ्या एका मित्राने म्हटलं होतं की याहून सोपं वर्णन हायपोग्लायसेमियाच्या उपचाराचं सापडणार नाही.

आपल्याकडे उपास-प्रार्थना मोठ्या विश्वासाने होतात. शुक्रवारचा उपास, लेंटचे चाळीस दिवस, वर्षाच्या सुरुवातीचे एकवीस दिवस. मला त्यांचा आदर आहे, मी स्वतः करतो. पण आमच्या घरगुती सभेत एक काका येतात, वय पंचावन्न, चाकणला कारखान्यात आहेत. मधुमेहाची गोळी सुरू. एकवीस दिवसांच्या उपासात त्यांनी गोळी नेमाने घेतली आणि जेवण सोडलं. रात्रपाळी करून मोटारसायकलवरून घरी येताना स्पाइन रोडवर त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं दुहेरी दिसायला लागलं. सुदैवाने गाडी बाजूला घेता आली आणि समोर रसवंती उघडी होती. दोन ग्लास उसाचा रस प्यायले आणि वीस मिनिटांनी घरी फोन केला. पुढच्या रविवारी ते कोणाशी बोलत नव्हते. उपास मोडला म्हणून.

मी त्यांना हाच अध्याय वाचून दाखवला. तो रस योनाथानाचा मध होता, काका. जी साखर रोज सहा चमचे जास्त होते तीच त्या सकाळी औषध होती.

तेव्हा ज्यांच्या घरी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे नीट वाचा. अन्नाचा उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, कारण काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाते. अचानक घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं, ही खूण. शुद्धीवर असेल तर लगेच १५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून किंवा अर्धा ग्लास रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, आणि नंतर काहीतरी खायला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि अन्नाऐवजी मोबाइलचा उपास धरला तर स्वर्गात तो कमी मोजला जाईल असं मला तरी वचनात कुठे सापडलेलं नाही.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट. 'प्रार्थना झाली, बरा झालो, गोळ्या बंद केल्या' अशा साक्षी आपण ऐकतो. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण येशूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखव असं सांगितलं (मार्क १:४४). त्या काळी बरं झाल्याचा दाखला याजक देत असे. आज तो लॅबच्या कागदावर मिळतो. शुगर खरंच उतरली असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीत दिसेल आणि डॉक्टरच गोळी कमी करतील. पौलाबरोबर लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने घरगुती औषध सुचवलं. मधुमेह डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा आवाज न करता खातो. साक्ष देण्याची घाई त्याला फार मानवते.

करीने सोडलेली साखर

शरीर म्हणजे फक्त माझं शरीर, इथे आपण नेहमी थांबतो. पण १ करिंथच्या ३ ऱ्या अध्यायात पौल पूर्ण मंडळीला मिळून देवाचं मंदिर म्हणतो. तेव्हा या मंदिरात साखरेमुळे कोणकोणाचं शरीर झिजतंय हेही बघायला हवं.

इंग्लंडमध्ये १७९१ साली गुलामांचा व्यापार थांबवण्याचा ठराव संसदेत पडला. तेव्हा साध्या घरांतल्या लोकांनी वेस्ट इंडीजमधून येणारी, गुलामांच्या हातून पिकलेली साखर चहात घालणं बंद केलं. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाने असे सुमारे ३ लाख लोक होते. त्यात पुढे येणारे बरेचसे ख्रिस्ती होते, क्वेकर आणि बॅप्टिस्ट. पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, विल्यम करी नावाच्या एका चांभारकाम केलेल्या पाळकाने मिशनकार्याची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली. त्यात त्याने हिशोब मांडलाय की ज्या कुटुंबांनी ही साखर सोडली त्यांनी रक्तापासून हात तर धुतलेच, शिवाय आठवड्याला सहा पेन्स ते एक शिलिंग वाचवले. ते पैसे सुवार्तेसाठी दिले तर पुरेसे होतील. दुसऱ्या वर्षी तो स्वतः बंगालला आला. याच करीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, आणि त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. आपल्या भाषेत छापलेल्या वचनाच्या मुळाशी वाचवलेल्या साखरेचे शिलिंग आहेत, निदान कल्पना तरी तिथून सुरू झाली. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडच्या घरांत साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलं असायचं की ही साखर ईस्ट इंडीजची, गुलामांनी न पिकवलेली. म्हणजे आपल्याकडची साखर तेव्हा स्वच्छ हातांची मानली जायची.

आज? हुगळीकाठचं ते श्रीरामपूर वेगळं आणि आपलं अहिल्यानगरचं श्रीरामपूर वेगळं, पण योगायोग बघा. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांची मुळं याच राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात आहेत. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात आपल्याकडून गाड्या भरून जातात, आणि त्याच हरेगावात बेलापूर कंपनीचा जुना साखर कारखाना होता. तिथून जवळच प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा आला. साखरेने आपल्या लोकांना शाळा दिल्या, कॉलेजं दिली. हे नाकारून बोलणं कृतघ्नपणा होईल.

पण तो ऊस तोडतं कोण? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात तोड सुरू, पाल ठोकून राहायचं, संडास नाही, पाणी नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेकजणी चाळिशीच्याही आतल्या. याकोब ५:४ उघडा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, अशा अर्थाचं ते वचन आहे. साखरेचे आरोग्यावर परिणाम असा विषय निघाला की आपण फक्त खाणाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट काढतो.

करीसारखा बहिष्कार इथे लागू पडत नाही. उद्या सगळ्यांनी साखर सोडली तर पहिली रोजी त्या कोयत्याचीच जाईल. पण त्याचा हिशोबाचा भाग घेता येतो. आमच्या घरगुती सभेत आम्ही कोल्ड्रिंक, केक आणि क्रीम बिस्किटांचा महिन्याचा खर्च काढला, तो चौदाशे रुपये निघाला. जानेवारीपासून ते पैसे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका साखरशाळेच्या वह्यांना जातात. आईबाप फडात असताना मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामापुरत्या चालणाऱ्या या शाळा.

खायला आता भाजलेले शेंगदाणे, उकडलेले हरभरे, पेरू असतात. चहा बिनसाखरेचा करून साखरेचं भांडं शेजारी ठेवायचं असं ठरलं, तेव्हा श्रीरामपूरकडच्या एका मावशींनी तोंड फिरवलं. 'पाहुण्याला अळणी चहा? त्यापेक्षा दारातच नाही म्हणा ना!' त्यांचं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. नाताळच्या फराळाच्या करंज्या, अनारसे त्या घरोघर वाटतात, त्यात कोणत्या घरी शुगर आहे हे न बघता प्रेम वाटतात. त्यांना मी १ करिंथ ८:१३ दाखवलं. माझ्या खाण्याने भावाला अडखळण होणार असेल तर मी ते कधीच खाणार नाही, असं पौल तिथे म्हणतो. विषय मूर्तींपुढच्या मांसाचा आहे, पण आमच्या सभेतल्या अठरा जणांत पाच मधुमेही आहेत आणि समोर आलेल्या गोड कपाला नाही म्हणायचं धैर्य त्यांच्यापैकी एकालाही होत नव्हतं. मावशींनी वचन दोनदा वाचलं. पुढच्या रविवारी चहा त्यांनीच केला, अळणी, भरपूर आलं आणि गवती चहा घालून. साखरेचं भांडं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं होतं आणि मागणाऱ्याला 'किती?' असं विचारून देत होत्या. आता तेच चालू आहे.

प्रभू येशू, आमच्या ताटाचं माप तू ठरव. काकांचे पाय आणि डोळे सांभाळ. फडातल्या आईला तिची पूर्ण मजुरी मिळू दे. आमेन.

उद्याच्या वाचनासाठी १ शमुवेल १४ पूर्ण वाचून या. मध खाल्ला म्हणून शौल योनाथानाला ठार मारायला निघाला होता. त्याला वाचवलं कोणी, ते ४५ व्या वचनात आहे.